लेखक-नोंद (सॉफ्टवेअर पॅकेज)

पॅकेज कोणी लिहिले आणि सध्या ते कोण सांभाळते, हे सांगणारी मेटाडेटातील नोंद. तिच्यातून नाव, ईमेल आणि संकेतस्थळ वेगळे काढणे म्हणजे पार्सिंग. हे तुकडे ठरलेल्या नियमांत बसतात का, हे पाहणे म्हणजे पडताळणी.

स्वरूप : एनपीएमच्या पॅकेज.जेसन फाइलमध्ये लेखक दोन तऱ्हांनी देता येतो. एक तर प्रत्येक गोष्टीला वेगळे फील्ड; नाहीतर सगळे एकाच ओळीत, म्हणजे आधी नाव, मग कोनी कंसात ईमेल आणि शेवटी गोल कंसात संकेतस्थळ. डेबियनमध्ये ‘मेंटेनर’ची ओळ सक्तीची असते, मूळ लेखक मात्र कॉपीराइट फाइलमध्ये सापडतो. आर भाषेत प्रत्येक व्यक्तीपुढे तिच्या भूमिकेची तीन अक्षरी खूण येते; या खुणा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मार्क यादीतल्या आहेत. रस्टच्या कार्गोने 2021 मध्ये लेखकाचे फील्ड ऐच्छिक केले.

मराठी नावे : ‘वि. वा. शिरवाडकर’ हे नाव मराठी वाचकाला मुळीच खटकत नाही. 1982 च्या आरएफसी 822 या ईमेल-नियमावलीला मात्र अवतरणचिन्हांबाहेरचा पूर्णविराम नावात चालत नाही. डेबियनचे धोरण याला त्या नियमावलीतली खोट म्हणते आणि उपायही देते : ईमेल पुढे आणावा, नाव गोल कंसात शेवटी टाकावे. 2001 च्या आरएफसी 2822 ने असा पूर्णविराम वाचून घेण्याची मुभा दिली.

ग्रंथालयाच्या तालिकेतले ‘शिरवाडकर, विष्णू वामन’ हे रूपही अडते. ईमेलच्या यादीत स्वल्पविरामाने दोन पत्ते वेगळे होतात, त्यामुळे एका लेखकाचे दोन होण्याची भीती. पायथनच्या पेप 621 ने (2020) नावात स्वल्पविरामाला थेट मनाई केली आहे.

देवनागरी : सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या म्हसवडवरून पडणारे ‘म्हसवडकर’ हे आडनाव घ्यावे. ‘फक्त अक्षरे’ अशी अट घालणारा रेग्युलर एक्स्प्रेशन ‘म’नंतर लगेच थबकतो, कारण युनिकोडच्या वर्गवारीत हलन्त हे अक्षर नसून चिन्ह आहे. पायथनच्या नेहमीच्या शब्द-वर्गातही तो बसत नाही. काना-मात्रांचीही हीच गत; म्हणून नियमात चिन्हांचा वर्ग वेगळा जोडावा लागतो. ‘गोऱ्हे’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडचे सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. रोमन लिपीत ‘व’साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. अशा वेळी संशोधकाची ओळख सांगणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक उपयोगी पडतो. त्याचे शेवटचे स्थान तपासणीसाठी राखलेले असते.

महाराष्ट्रातील उदाहरण : लोहित फाँटमालेची अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवली, प्रकाशन रेड हॅटने केले, आणि 2011 मध्ये परवाना जीपीएलऐवजी ओपन फाँट लायसन्स झाला. अशा कामात ‘लेखक’ कोणाला म्हणायचे, हे एका फील्डात मावत नाही. ओपनटाइप या फाँट-स्वरूपाच्या नाव-तक्त्यात निर्मात्यासाठी आठवा आणि आरेखकासाठी नववा क्रमांक आहे.

सुरक्षितता : लेखक-फील्ड स्वघोषित असते, त्याची मांडणी बरोबर ठरली म्हणजे ओळख पटली असे होत नाही.