कंपनीभाषा (फोर्ट विल्यम)

ईस्ट इंडिया कंपनीच्या कोलकात्यातील कारभारात 18व्या शतकात रुळलेली दफ्तरी बोली. व्यापारी पेढीची जुनी पदनामे आणि मोगल दफ्तरातून उचललेले फारसी शब्द यांच्या सरमिसळीतून ती घडली. नाव एक आणि काम दुसरेच, ही आजच्या कॉर्पोरेट बोलीबद्दलची तक्रार तेव्हा खुद्द कंपनीच्या गव्हर्नर जनरलने केली होती.

कोलकात्यातील पहिल्या किल्ल्याची उभारणी 1696 मध्ये सुरू झाली आणि 1700 मध्ये त्याला इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यमचे नाव मिळाले. 1756 मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौल्याने तो जिंकला. प्लासीच्या लढाईनंतर कंपनीने जरा दक्षिणेला नवा किल्ला बांधायला घेतला. तेथे आज भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. डिसेंबर 2024 मध्ये लष्कराने त्याचे नाव बदलून ‘विजय दुर्ग’ केले, तेही सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. कंपनीच्या कागदांत मात्र ‘फोर्ट विल्यम’ म्हणजे नुसता किल्ला नव्हे, तर बंगालचे सरकारच.

कंपनीच्या नोकरांच्या चढत्या पायऱ्या राइटर, फॅक्टर, ज्युनियर मर्चंट आणि सीनियर मर्चंट अशा होत्या. वॉरन हेस्टिंग्ज 1750 मध्ये राइटर, म्हणजे साधा कारकून, म्हणून आला आणि 1772 मध्ये बंगालचा गव्हर्नर झाला. 1765 मध्ये दिवाणी, म्हणजे बंगालचा महसूल वसूल करण्याचा हक्क, हाती आल्यावर कंपनीची माणसे सारा वसूल करू लागली, न्याय देऊ लागली, तह करू लागली, पण हजेरीपटावर ती व्यापारीच राहिली. 18 ऑगस्ट 1800 च्या टिपणात गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने स्पष्टच लिहिले की ही पदनामे आता प्रत्यक्ष कामाशी मुळीच जुळत नाहीत.

पदनामे निदान निरुपद्रवी होती. ‘इन्व्हेस्टमेंट’ या शब्दाचे तसे नव्हते. पूर्वी कंपनी विलायतेतून चांदी आणून बंगालचे कापड आणि रेशीम विकत घेई. या खरेदीला इन्व्हेस्टमेंट म्हणत. दिवाणीनंतर बंगालच्याच महसुलातला एक भाग काढून तोच माल घेतला जाऊ लागला. पैसा रयतेचा, माल रयतेचा, जहाज मात्र लंडनचे. आणि नाव तेच, गुंतवणुकीचे! ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने 1783 च्या संसदीय अहवालात नेमके या शब्दावर बोट ठेवले. एका व्यापारी शब्दाआड केवढा मोठा व्यवहार झाकता येतो, याचे याहून नेटके उदाहरण मिळणे कठीण.

पत्रव्यवहाराची तऱ्हाही न्यारीच. लंडनचे डायरेक्टर फोर्ट विल्यमला क्रमांकित परिच्छेदांची लांबलचक पत्रे धाडत. त्यांत भरपूर खरडपट्टी काढून खाली ‘तुमचे स्नेही मित्र’ असे लिहून सह्या ठोकत. बढती रोखणाऱ्या आजच्या ईमेलखालचे ‘वॉर्म रिगार्ड्‌स’ त्याच घराण्यातले.

फारसी शब्दांचा पसारा तर लंडनला झेपेनाच. दिवाणी, निजामत, जमाबंदी, इजारा यांनी भरलेले कागद संसदेत पोचले, तेव्हा कंपनीच्या कारभारावरच्या 1812 च्या संसदीय ‘फिफ्थ रिपोर्ट’ला चार्ल्स विल्किन्सकडून शब्दसूची करून जोडावी लागली. 1837 च्या कायद्याने कंपनीच्या कचेऱ्यांतून फारसी हटवण्याची वाट मोकळी झाली. तरीही 1855 मध्ये एच. एच. विल्सनला न्याय आणि महसूल खात्यांच्या शब्दांचा जाडजूड कोश काढावा लागलाच.

साहेब आणि रयत यांच्यातल्या या भाषेच्या दरीवर उपाय म्हणून वेलस्लीने 1800 मध्येच फोर्ट विल्यम कॉलेज काढले: साहेबांनी मुनशीच्या तोंडाकडे न पाहता रयतेची भाषा शिकावी. येथे मिशनरी विल्यम केरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवी. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्याने मराठीचे व्याकरण (1805) आणि मोडी लिपीत छापलेला मराठी कोश (1810) सिद्ध केला. दोन्ही बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात छापले गेले. पुण्या-मुंबईत मराठी छपाई रुळण्याआधीच बंगालमध्ये मराठी शब्द खिळ्यांवर चढले होते. डायरेक्टरांना मात्र कॉलेजचा खर्च खुपला. 1806 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये स्वतःचे वेगळे कॉलेज काढले. कोलकात्याचे कॉलेज रडतखडत 1854 पर्यंत चालले.

दफ्तराची भाषा ठरवून बदलण्याचा प्रयोग महाराष्ट्राने याच्याही आधी केला होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी रचलेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातले थोडेच टिकले. पेशवाईचा कारभार फडणीस, मामलेदार आणि जमाबंदी यांच्याच जोरावर चालला.

फोर्ट विल्यमने 1772 मध्ये निर्माण केलेले एक पद मात्र महाराष्ट्रात अजून जोरात आहे. सारा गोळा करणारा तो कलेक्टर. सरकारी कागदावर तो ‘जिल्हाधिकारी’ झाला, निवडणुका, पूर, दुष्काळ आणि आचारसंहिता त्याच्या गळ्यात पडल्या. गावचावडीवरच्या बोलण्यात मात्र आजही निवेदन द्यायचे ते कलेक्टरलाच.