बंदुकीच्या जागी वॉकी-टॉकी

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' हा चित्रपट १९८२ साली आला. त्यात परग्रहावरच्या ई.टी.ला घेऊन सायकलींवरून पळणाऱ्या पोरांची वाट सरकारी माणसं अडवतात, त्यांच्या हातांत बंदुका आहेत. त्या बंदुका पाहून त्यांच्यातला एलियट डोळे मिटतो आणि सायकली हवेत उचलल्या जातात. २००२ साली चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा संगणकाने बंदुका पुसून तिथे वॉकी-टॉकी आणले होते. मग पोरानं डोळे मिटावेत कशाला?

या पुसापुशीचं मूळ १९६८ मध्ये सापडतं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गोळ्यांना बळी पडले. या हत्यांनंतर, शनिवारी सकाळी अमेरिकी मुलं ज्या मारधाडीच्या कार्टून मालिका पाहत, त्यांच्याकडे साऱ्यांचं लक्ष गेलं. त्याच वर्षी पेगी शॅरन आणि त्यांच्यासारख्या आयांनी बॉस्टन परिसरात 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. त्यांचा रोख मुख्यतः मुलांवर होणाऱ्या जाहिरातींच्या माऱ्यावर होता. सेन्सॉरशिपला शॅरन यांचा विरोधच होता. मुलांसाठी चांगले कार्यक्रम वाढवा, असं त्या सांगत. वाहिन्यांना मात्र कात्री सोपी वाटली. १९६९ मध्ये 'स्कूबी-डू' हे कार्टून आलं: भुताच्या मुखवट्यामागे माणूस आणि गोळीबार नाही.

ऐंशीच्या दशकातल्या 'जी.आय. जो' या कार्टूनने तर कमालच केली. सैनिक, रणगाडे, युद्ध सगळं होतं, पण बंदुकीतून सुटायचे लाल-निळे किरण आणि पडणाऱ्या विमानातून वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरायचे. मला हे खऱ्या बंदुकीपेक्षा जास्त खटकतं. गोळी लागली की माणूस मरतो, एवढंही मुलाला कळू द्यायचं नाही?

खेळण्यांची गोष्ट निराळी. तिथे हुबेहूबपणा जीव घेतो. म्हणूनच अमेरिकेत १९८९ पासून खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीला नारिंगी टोक सक्तीचं झालं. २०१४ साली क्लीव्हलंडमध्ये १२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी गोळी घातली. त्याच्या खेळण्यातल्या पिस्तुलावर ते टोक नव्हतं. खेळण्याला खूण हवीच. गोष्टीतली भीती पुसणं मात्र त्याच न्यायाने योग्य ठरत नाही.

स्पीलबर्गनाही ते उमगलं. २०१२ च्या ब्लू-रे आवृत्तीत बंदुका परत आल्या आणि तो बदल करायलाच नको होता, असं २०२३ मध्ये त्यांनी जाहीरपणे म्हटलं. मुलांना 'ई.टी.' दाखवणार असाल, तर १९८२ चाच दाखवा आणि बंदुकांच्या त्या प्रसंगाला त्यांच्या शेजारी बसा.