आज्ञेविना संघटन : डेबियन प्रकल्पाच्या घटनेची जडणघडण

स्वयंसेवी संस्थांच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. ज्याला वेतन नाही, ज्याच्यावर कराराचे बंधन नाही आणि जो केव्हाही संस्था सोडून जाऊ शकतो, अशा मनुष्याकडून काम कोणत्या अधिकाराने करून घ्यावयाचे? धर्मसंस्थांनी श्रद्धेच्या आणि राजकीय चळवळींनी ध्येयाच्या बळावर या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, संगणकाच्या आज्ञावली परस्पर सहकार्याने रचणाऱ्या समूहांपुढे हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. सभासद अनेक देशांत विखुरलेले, बहुतेकांनी एकमेकांस कधी पाहिलेले नाही, आणि निर्माण करावयाची वस्तू मात्र अशी की तिचा एक भाग बिघडला म्हणजे दुसरे भागही अडून बसतात. अशा समूहांपैकी डेबियन प्रकल्पाने आपल्या उत्तराला लेखी घटनेचे रूप दिले. त्यामुळे संघटनेचे तत्त्व आणि तिचा व्यवहार ही दोन्ही येथे शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात.

१

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला व लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंमुळे, ज्यांची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी व वाटावी अशा आज्ञावलींचा मोठा साठा उपलब्ध झाला. तथापि तो विस्कळीत होता. त्यातील आज्ञावली निवडून, एकमेकींशी जुळवून, वापरण्याजोग्या स्थितीत लोकांच्या हाती देणे हे स्वतंत्र काम होते; त्याला ‘वितरण’ म्हणतात. त्या वेळच्या वितरणांतील दोषांनी असमाधानी झालेले पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थी इयान मरडॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी नव्या वितरणाची घोषणा केली. डेब्रा आणि इयान या दोन नावांच्या संयोगातून ‘डेबियन’ हे नाव सिद्ध झाले.

मरडॉक यांच्या योजनेतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे श्रमविभागणी. प्रत्येक आज्ञावलीचे एक ‘पॅकेज’ करावयाचे आणि त्याची जोपासना एका स्वयंसेवकाने पत्करावयाची, अशी ही पद्धती होती. सर्व पॅकेजांनी समान नियम पाळले म्हणजे दूरदूरच्या माणसांचे काम एकमेकांत बसे. जून १९९६ मधील १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. जुलै १९९८ मधील २.० या आवृत्तीत त्यांची संख्या १,५०० च्या वर गेली आणि ती सांभाळणारे सभासद ४०० हून अधिक झाले.

या व्यवहारात रूढ झालेली परिभाषा लक्षणीय आहे. जोपासना करणारा निघून गेला म्हणजे ते पॅकेज ‘पोरके’ झाले असे म्हणतात, आणि दुसऱ्या कोणी ते पत्करले म्हणजे त्याने ते ‘दत्तक’ घेतले असे म्हणतात. कचेरीच्या भाषेत पद रिकामे होते व ते वरिष्ठ भरतो. येथे कुटुंबाची भाषा आली, कारण नेमणूक करणारा वरिष्ठच नव्हता. जबाबदारी कोणीतरी आपण होऊन उचलीपर्यंत ती जाहीर यादीत पडून राहते, एवढेच संस्थेला करता येई.

२

मरडॉक १९९६ साली नेतृत्वातून बाजूला झाले व ब्रूस पेरेन्स यांनी ते स्वीकारले. संस्थापक गेल्यावर संस्थेचे ऐक्य कशावर टिकावे, हा प्रश्न तेव्हा खऱ्या अर्थाने उपस्थित झाला. पेरेन्स यांच्या काळात, सभासदांच्या सुमारे महिनाभराच्या चर्चेनंतर, जुलै १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ संमत करण्यात आला. वितरण सर्वस्वी मुक्त राहील, त्यातील दोष लपविले जाणार नाहीत, आणि वापरणारे लोक व मुक्त आज्ञावली यांचे हित अग्रस्थानी राहील, ही त्यातील प्रमुख वचने होत. ‘मुक्त’ कशास म्हणावे याचे निकषही त्यात होते. १९९८ साली ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा प्रचारात आली, तेव्हा तिची अधिकृत व्याख्या याच निकषांतून डेबियनचे उल्लेख वगळून तयार करण्यात आली. एका स्वयंसेवी समूहाने स्वतःपुरते केलेले नियम अशा रीतीने साऱ्या क्षेत्राचे प्रमाण ठरले.

करारात प्रकल्पाने जगाला काय द्यावयाचे ते सांगितले होते. सभासदांनी परस्परांशी कसे वागावयाचे ते मात्र अनुक्तच होते. ती उणीव इयान जॅक्सन यांच्या नेतृत्वाच्या काळात, डिसेंबर १९९८ मध्ये मान्य झालेल्या घटनेने भरून काढली. नेत्याची निवड दर वर्षी मतदानाने होते आणि मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ हाही एक पर्याय असतो. भारतीय मतदाराला असा पर्याय २०१३ नंतर मिळाला, हे सहज आठवावे. नेता अधिकार इतरांकडे सोपवू शकतो. तांत्रिक वादांचा निर्णय एक समिती देते. आणि सर्वसाधारण सभासदांचा ठराव नेत्याचा निर्णय फिरवू शकतो, त्याला पदावरून दूरही करू शकतो.

परंतु या घटनेचे हृदय तिच्या दुसऱ्या कलमात आहे. घटनेमुळे कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही. सोपविलेले काम नको असेल त्याने ते करू नये. मात्र रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरुद्ध त्याने सक्रिय कारवाई करू नये, असा त्या कलमाचा आशय आहे. सामान्यतः घटना आज्ञा देण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरविते. या घटनेने आज्ञेचा अधिकारच अमान्य केला आणि अडथळा न करण्याचे कर्तव्य तेवढे सर्वांवर ठेविले. नकाराचा हक्क आणि अडवणुकीची बंदी या दोन मर्यादांच्या मध्ये पुढील सर्व इतिहास घडला.

३

पहिली कसोटी प्रवेशाच्या प्रश्नावर लागली. सभासदसंख्या वेगाने वाढत होती, आणि नवागताची पारख करण्याची निश्चित पद्धती नव्हती. प्रत्येक सभासदाने पाठविलेले पॅकेज असंख्य लोकांच्या संगणकांवर जाऊन पोहोचते; म्हणून एका अविश्वसनीय माणसाचा प्रवेशही धोक्याचा होता. १९९९ च्या उत्तरार्धात नवे प्रवेश थांबविण्यात आले व २००० साली नव्या रीतीने ते पुन्हा सुरू झाले. आता उमेदवाराची शिफारस जुन्या सभासदाने करावी, प्रकल्पाची तत्त्वे व कार्यपद्धती यांविषयी त्याची परीक्षा व्हावी, कामातील कौशल्य तपासले जावे, आणि त्याच्या सांकेतिक किल्लीवर विद्यमान सभासदाची सही असावी, असे ठरले. ही सही प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून करावयाची असे. सारे काम तारायंत्रासारखे दुरून चालविणाऱ्या या संस्थेने विश्वासाचा पाया मात्र दोन माणसांच्या भेटीवर रचला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

शिवोन ओमाहोनी व फाब्रित्सिओ फेरारो यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डेबियनमधील अधिकाराच्या कल्पनेचा विकास तपासला आहे. आरंभी तांत्रिक कर्तृत्व हाच नेतृत्वाचा आधार होता. पुढे संघटना बांधण्याच्या कामालाही सभासद तितकेच मोल देऊ लागले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वरील घटनाक्रमाशी ते सुसंगत आहे. प्रवेशाची पद्धती बसविणाऱ्याने एकही नवी आज्ञावली लिहिलेली नसते. तरी त्याच्यावाचून पुढच्या आज्ञावली लिहिणारे हात आत येत नाहीत.

४

दुसरी कसोटी अधिक कठीण होती. जुलै २००२ नंतरची आवृत्ती प्रसिद्ध होण्यास जून २००५ उजाडले. ज्यांना आज्ञा देता येत नाही त्यांच्याकडून वेळ कशी पाळून घ्यावयाची, हा प्रश्न या जवळजवळ तीन वर्षांच्या विलंबाने तीव्र झाला. २००६ मध्ये तत्कालीन नेते अँथनी टाउन्स व त्यांचे काही सहकारी यांनी एक योजना मांडली. प्रकल्पाच्या निधीबाहेर देणग्या गोळा करून, प्रकाशनाची व्यवस्था पाहणाऱ्या दोघा सभासदांना प्रत्येकी सुमारे एक महिना पूर्ण वेळ कामासाठी मानधन द्यावे, म्हणजे ‘एच’ ही आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये बाहेर पडेल, असा तिचा हेतू होता.

या योजनेने मोठा वाद माजला. अनेक सभासद आपापल्या कंपनीचे वेतन घेऊन डेबियनचे काम पूर्वीपासून करीत होते. त्याला कोणाची हरकत नव्हती. आक्षेप निराळा होता. नेत्याशी निगडित असलेल्या मंडळाने काहींचे श्रम मोलाचे ठरवावे व इतरांचे तसेच ठेवावे, याने समतेचा भंग होतो, असे विरोधकांचे म्हणणे होते. काहींचा कामातील उत्साह ओसरला. नेत्याला दूर करण्याचा ठराव ऑक्टोबरमध्ये मतास टाकण्यात आला आणि तो फेटाळला गेला. आवृत्ती मात्र ठरल्या वेळी आली नाही. ती ८ एप्रिल २००७ रोजी प्रसिद्ध झाली.

या प्रकरणात दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारार्ह होते. विलंबाचे दुष्परिणाम वापरणाऱ्यांना भोगावे लागतात, आणि करारात त्यांच्या हिताचे वचन होते. उलट, फुकट दिलेल्या श्रमाची प्रतिष्ठा सर्वांना सारखी असते या समजुतीवरच कामाचा ओघ चालत होता. घटनेने वादाचा निवाडा करण्याचा मार्ग दिला व संस्था फुटली नाही. परंतु ओसरलेला उत्साह कोणत्याही ठरावाने परत आणता येत नव्हता. नकाराचा हक्क मान्य करणाऱ्या व्यवस्थेची ही किंमत होय.

५

तिसरा प्रश्न वरवर पाहता शब्दाचा होता. घटनेत सभासदाला ‘डेव्हलपर’ म्हटले आहे, आणि व्यवहारात त्याचा अर्थ पॅकेज सांभाळणारा असा रूढ झाला होता. परंतु दस्तऐवज लिहिणारे, भाषांतर करणारे, परिषदांची व्यवस्था पाहणारे लोकही वर्षानुवर्षे राबत होते. त्यांच्या श्रमाचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या जवळचे आहे : फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या ‘लेनी’ या आवृत्तीच्या स्थापना-आज्ञावलीत ज्या भाषांची नव्याने भर पडली, त्यांत मराठी होती. अशा भाषांतरात संहितेची एक ओळही न बदलता आज्ञावली एका नव्या भाषिक समाजाच्या उपयोगाची होते. तथापि हे काम करणाऱ्यास, पॅकेज सांभाळीत नसल्यास, मताधिकार मिळविण्याची सरळ वाट नव्हती.

ऑक्टोबर २०१० मध्ये सभासदांनी ठराव करून पॅकेजाखेरीज अन्य काम करणाऱ्यांचे पूर्ण सभासद म्हणून स्वागत केले. घटनेतील शब्द तोच राहिला. त्याची व्याप्ती वाढली. भाषाशास्त्रात यास अर्थविस्तार म्हणतात. सामान्यतः तो नकळत घडतो. येथे तो चर्चा करून, मते मोजून घडविण्यात आला. श्रम कशास म्हणावयाचे याची व्याख्या बदलली, म्हणजे निर्णय घेणाऱ्यांचा समाजही बदलतो, हे या ठरावाचे मर्म आहे.

मरडॉक यांचे डिसेंबर २०१५ मध्ये निधन झाले. त्यांनी नेतृत्व सोडल्याला तेव्हा एकोणीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि प्रकल्पाचे काम अखंड चालू होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत जवळजवळ ७०,००० पॅकेजे आहेत. एवढा विस्तार आज्ञेवाचून झाला, म्हणून तो नियमांवाचून झाला असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. जेथे हुकूम चालत नाही तेथे नियम अधिक स्पष्ट, अधिक सार्वजनिक आणि सर्वांच्या संमतीचे असावे लागतात, हेच डेबियनच्या इतिहासावरून सिद्ध होते. त्याचबरोबर हेही दिसते, की अशा नियमांना विस्कळीतपणा आवरता येतो, मतभेद मिटविता येतात आणि दार उघडता येते. काम करण्याची इच्छा मात्र त्यांना निर्माण करता येत नाही. पोरक्या पॅकेजांची यादी अजूनही जाहीर होते, आणि तिच्यातील प्रत्येक नाव कोणीतरी आपण होऊन पुढे येण्याची वाट पाहत असते.