कृषिदूत शेतावर येताना : यजमान शेतकरी व कृषी उद्योगाच्या जबाबदाऱ्या

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात विद्यार्थ्यांना वर्ग सोडून गावात यावे लागते. यालाच ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात. गावात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या या नावाने ओळखले जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी खरीप हंगामात पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्री, कन्नड, सिल्लोड अशा तालुक्यांतील गावांत येतात. प्रत्येकाला एक यजमान शेतकरी जोडून दिला जातो. तुम्ही यजमान होण्यास होकार दिला असेल, तर त्यासोबत काही जबाबदाऱ्याही येतात.

कार्यक्रम कसा असतो?

पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमानुसार हा कार्यक्रम २० आठवड्यांचा आहे.

- पूर्वतयारी : १ आठवडा
- गावात यजमान शेतकऱ्याकडे : ८ आठवडे
- संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र किंवा महाविद्यालयाच्या विभागात : ५ आठवडे
- पीक चिकित्सालय : २ आठवडे
- कृषी उद्योगात : ३ आठवडे
- अहवाल व सादरीकरण : १ आठवडा

म्हणजेच शेतकऱ्याबरोबरच जिनिंग, डाळ मिल, बियाणे प्रक्रिया केंद्र, रोपवाटिका, दूध संकलन केंद्र व शेतकरी उत्पादक कंपनी यांनाही पुढील सूचना लागू पडतात.

विद्यार्थी हा मजूर नाही

खुरपणीला माणूस मिळत नाही, कापूस वेचणीचा दर वाढला आहे, अशा वेळी घरी आलेल्या चार तरुण हातांना कामाला लावण्याचा मोह होतो. विद्यार्थ्याने खुरपे हातात घ्यावे, डवरणी करून पाहावी, एक दिवस वेचणीही करावी. त्याशिवाय मजुराचे कष्ट व कामाचा वेग त्याला कळणार नाही. मात्र रोजच्या मजुराच्या जागी त्याला उभे करू नये. काम देताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : यातून तो आज नवीन काय शिकणार? उत्तर सापडत नसेल तर ते काम मजुराचे आहे, त्याची मजुरी मजुराला द्यावी.

येण्यापूर्वी काय ठरवावे?

- महाविद्यालयाचे पत्र घ्यावे. त्यात विद्यार्थ्यांची नावे, कालावधी आणि कार्यक्रम अधिकाऱ्याचा भ्रमणध्वनी क्रमांक असावा.
- अपघात विमा आहे का, हे महाविद्यालयाला स्पष्ट विचारावे.
- पालकांचा संपर्क क्रमांक, रक्तगट व एखादे औषध किंवा आजार असल्यास त्याची नोंद घरात ठेवावी.
- मुक्कामाची सोय करणार असाल तर पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि आतून कडी लागणारी खोली पाहावी. ये-जा करणार असतील तर शेवटच्या एसटीची वेळ पाहून काम थांबवावे.

फवारणी : सर्वांत मोठा धोका

विद्यार्थी गावात असतात तेव्हाच कापूस, मका व सोयाबीनवर फवारण्या सुरू असतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांचा जीव गेला. त्यांत फवारणीचा सराव असलेले लोकही होते. विद्यार्थ्याला तर तेवढाही सराव नसतो.

- विद्यार्थ्याला कीटकनाशकाची फवारणी करू देऊ नये. पंप, नोझल व चालण्याचा वेग शिकवायचा असेल तर टाकीत साधे पाणी भरावे.
- डब्यावरील त्रिकोणाचा अर्थ समजावून सांगावा : लाल अति विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक असे नव्हे.
- फवारलेल्या शेतात लेबलवरील मुदत संपेपर्यंत निरीक्षणासाठी पाठवू नये.
- मळमळ, चक्कर, घाम, अंधुक दिसणे अशी लक्षणे दिसताच शेताबाहेर आणावे, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि १०८ ला फोन करावा. औषधाचा डबा किंवा लेबल डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्यावे.

इतर धोके

विहिरीचा काठ, उघडी स्टार्टर पेटी, ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट आणि मळणी यंत्र हे तुमच्या सवयीचे असतात, शहरातून आलेल्या मुलांच्या नाही. पहिल्याच दिवशी शेत फिरून या जागा दाखवाव्यात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवू नये. विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू देऊ नये. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे टाळावे. चावलेला भाग न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. जिनिंग व डाळ मिलमध्ये सैल ओढणी, उपरणे घेऊन यंत्राजवळ जाऊ देऊ नये.

कृषिकन्यांची सुरक्षितता

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही संरक्षण देतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या उद्योगात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणची, किंवा खुद्द मालकाविरुद्धची, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ही माहिती मुलींना पहिल्या दिवशीच द्यावी. एकट्या मुलीला दूरच्या शेतात पाठवू नये. घरातील महिलेशी तिची ओळख करून द्यावी. तक्रार आली तर "गावात चर्चा नको" म्हणून ती दाबू नये. कार्यक्रम अधिकाऱ्यास त्याच दिवशी कळवावे.

काय शिकवावे?

- कापूस : एकरी २ कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज मोजू द्यावेत. सलग तीन दिवस प्रति सापळा ८ पतंग आढळले, तर उपाययोजनेची वेळ आली असे समजावे.
- सोयाबीन : घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजावी. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीस योग्य समजावे.
- निंबोळी अर्क : ५ किलो निंबोळीपासून १०० लिटर पाण्यासाठी ५ टक्के अर्क तयार करून घ्यावा.
- हिशेब : एकरी खर्चाचे खरे आकडे द्यावेत. मजुरी, व्याज आणि तोटाही लपवू नये. चुकीचे आकडे दिले तर विद्यार्थी चुकीचेच शिकून जाईल.

विद्यार्थ्याने सुचवलेला नवा उपाय आधी चार-पाच ओळींवर करून पाहावा. औषध किंवा खताची मात्रा कृषी विज्ञान केंद्राकडून तपासून घ्यावी. नुकसान झाल्यास त्याचा भार विद्यार्थ्यावर टाकू नये; निर्णय तुमचा असतो.

नोंदवही व अभिप्राय

विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर सही करण्यापूर्वी ती वाचावी. न आलेल्या दिवसाची हजेरी भरू नये. "पोरगं चांगलं आहे" म्हणून केलेली खोटी सही उद्या त्याच्या सल्ल्यावर विसंबणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याला भोवते. जे जमले ते आणि जे जमले नाही ते, दोन्ही अभिप्रायात लिहावे.

यातील बरेच विद्यार्थी पुढे सहायक कृषी अधिकारी, बँक अधिकारी किंवा कृषी सेवा केंद्रचालक होतात. कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण त्यांना कितपत समजेल, हे तुमच्या बांधावरच्या या आठ आठवड्यांवर अवलंबून असते.

पिकाविषयी शंका असल्यास किसान कॉल सेंटर : १८००-१८०-१५५१. तातडीची मदत : ११२. महिला मदतवाहिनी : १८१.