तहरीरनंतरची आघाडी

२५ जानेवारी २०११ रोजी इजिप्तची जनता रस्त्यावर उतरली आणि ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक यांची जवळपास तीस वर्षांची राजवट कोसळली. कैरोच्या तहरीर चौकात नमाज पढणाऱ्यांभोवती ख्रिस्ती तरुणांनी हात गुंफून कडे केले होते. त्या एकजुटीचे पुढे काय झाले?

जून २०११ मध्ये ‘लोकशाही आघाडी’ उभी राहिली. मुस्लिम ब्रदरहूडचा फ्रीडम अँड जस्टिस पक्ष, जुना वफ्द, सलफींचा नूर, नासेरवादी करामा असे अनेक पक्ष तिच्यात आले. १९५४ मध्ये नासेर यांनीच ब्रदरहूडवर बंदी घालून हजारोंना तुरुंगात टाकले होते. त्या दोन्ही परंपरांचे वारस एकत्र बसले, ही साधी गोष्ट नव्हती. करामाचे ख्रिस्ती नेते अमीन इस्कंदर याच आघाडीतून पुढे निवडूनही आले.

पण ४९८ पैकी ३३२ जागा पक्षांच्या याद्यांतून भरायच्या होत्या. यादीत ज्याचे नाव वर, त्याचीच आशा खरी. त्यामुळे जागावाटपातच खटके उडू लागले. आधी नूर बाहेर पडला, मग वफ्द. उरलेल्या आघाडीवर ब्रदरहूडचा वरचष्मा राहिला. प्रत्येक यादीत एक स्त्री असणे सक्तीचे होते, पण तिचे नाव बहुधा तळाशी ढकलले गेले. तहरीरमध्ये पुढे असलेल्या स्त्रियांना संसदेत जेमतेम दोन टक्के जागा मिळाल्या.

निकालात आघाडीला जवळपास निम्म्या जागा मिळाल्या. ‘क्रांती चालू आहे’ या नावाने लढलेल्या तरुणांना मात्र दहासुद्धा मिळाल्या नाहीत. उरलेल्या १६६ वैयक्तिक जागा अपक्षांसाठी असाव्यात, असे आधी ठरले होते. त्याही लढवण्याचा हट्ट पक्षांनी धरला आणि लष्करी मंडळाने तो मान्य केला. नेमक्या याच मुद्द्यावर १४ जून २०१२ रोजी सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने निवडणूक अवैध ठरवली. संसद बरखास्त झाली.

३ जुलै २०१३ रोजी लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुहम्मद मुर्सी यांना हटवले, तेव्हा तहरीरमधले कित्येक साथी लष्कराच्या बाजूने उभे होते. १४ ऑगस्टला राबिया चौकात शेकडो माणसे मारली गेली.

दोष केवळ लष्कराचा, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आघाडीत मोठ्या पक्षाने धाकट्यांना किती सांभाळले, यावरच तिचे आयुष्य ठरते. इन्किलाब सर्वांनी मिळून केला होता. त्याची राखणही सर्वांनी मिळूनच करायला हवी होती.