निरोगी, टिकाऊ शहरांसाठी डेटा-आधारित संशोधन

शहरातील हवा, पाणी, उष्णता, वाहतूक आणि आजारपण यांच्या नोंदींचे संगणकीय विश्लेषण करून नगरनियोजन व सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे मार्ग शोधणारी संशोधनशाखा. हे काम बहुतांशी विद्यावृत्ती मिळालेले पीएच.डी.चे विद्यार्थी करतात. स्थापत्य, संगणकशास्त्र, वैद्यक, भूगोल आणि अर्थशास्त्र यांची त्यात सरमिसळ असते. प्रस्तुत नोंदीत या शाखेचा विचार बोरी अरबच्या बाजूने केला आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील हे गाव यवतमाळ–दारव्हा मार्गावर, अडाण नदीकाठी वसले आहे. हे संशोधन मोजणीची यंत्रे जिथे आधीच आहेत तिथेच फिरत राहते आणि विद्यावृत्तीचे नियम बदलल्याखेरीज ते अशा गावांपर्यंत पोहोचणार नाही, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्रात या शाखेची मुळे संगणकाच्या कितीतरी आधीची आहेत. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला. त्यांच्या शिफारशीवरून विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळालेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये इंग्लंडला गेले आणि केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन परतल्यावर १९२४ पासून त्यांनी तोच विभाग सांभाळला. शहराचा अभ्यास करू पाहणाऱ्या विभागाने सार्वजनिक पैशातून संशोधक घडवला, असे हे आरंभीचे ठळक उदाहरण. पुढे त्याच घुर्ये यांनी हवेली तालुक्यातील लोणीकंद या गावाचा अभ्यास केला. टॉमस कोट्स याने १८१९ च्या सुमारास केलेल्या पाहणीशी त्यांनी आपल्या काळातील गाव ताडून पाहिले आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत छापली गेली. या दोन्ही कामांत माहिती आयती मिळालेली नव्हती. ती जमवणे हाच संशोधनाचा मोठा भाग मानला गेला होता, आणि आज नेमका तोच भाग मागे पडला आहे.

सध्याचा आर्थिक आधार तुटपुंजा म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन विद्यावृत्तीत दरमहा ७०,००० ते ८०,००० रुपये आणि वर्षाला २ लाखांचे संशोधन-अनुदान मिळते. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना विद्यावृत्ती देतात, आणि विदर्भातील कितीतरी विद्यार्थ्यांसाठी पीएच.डी.चे दार त्यांच्यामुळेच उघडले. परंतु ही बहुतेक रक्कम संशोधकाच्या निर्वाहाची असते. यंत्र विकत घेणे, ते गावात बसवणे, दर पंधरवड्याला जाऊन पाहणे, वीज गेली तर बॅटरी बदलणे याचा खर्च तीत बसत नाही. शिवाय मुदत चार-पाच वर्षांची, आणि प्रबंधाआधी शोधनिबंध छापून यावेत अशी अपेक्षा असते. अशा वेळी शहाणा विद्यार्थी जिथे आयता डेटा आहे तो विषय घेतो. त्यात त्याचा दोष नाही.

आयता डेटा कुठे आहे, हे धोरणाने ठरते. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत. विदर्भातून त्यात नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला येतात, यवतमाळ नाही. हवेची मानके सलग पाच वर्षे न पाळणारे शहर या यादीत जाते. म्हणजे यादीत येण्यासाठी आधी शहरात मोजणी-केंद्र हवे. ज्या गावात केंद्रच नाही तिथली हवा कागदोपत्री स्वच्छ ठरते. स्मार्ट सिटी अभियानाने २०१५ पासून निवडलेल्या शहरांत विदर्भातून एकट्या नागपूरचा समावेश झाला. यंत्रे शहरात, म्हणून डेटा शहरात. डेटा शहरात, म्हणून प्रबंध शहरावर. प्रबंध शहरावर, म्हणून पुढचा निधीही तिथेच. हे चक्र कुणी कट करून रचलेले नाही, पण त्याचा परिणाम कटासारखाच होतो.

यावर पहिला आक्षेप असा, की आता उपग्रह आहेत, गावात यंत्र बसवण्याची गरज उरली नाही. आक्षेप वजनदार आहे, पण अपुरा. उष्णतेच्या अभ्यासात सर्रास वापरल्या जाणाऱ्या लँडसॅट मालिकेतला प्रत्येक उपग्रह एका ठिकाणावरून सोळा दिवसांनी जातो, तोही सकाळी साडेदहाच्या आसपास. त्याला पृष्ठभागाचे तापमान कळते, घरातल्या हवेचे नाही. मे महिन्यात वऱ्हाडातले टिनपत्र्याचे घर दुपारी तीनला आणि रात्री दहाला आत किती तापलेले असते, म्हातारे माणूस किंवा बाळंतीण त्यात कशी झोपते, हे त्या चित्रात येत नाही. हवेचेही तसेच आहे. खरिपाचा हंगाम संपला की पऱ्हाट्या आणि तुराट्या उपटून घरी आणल्या जातात, त्या चुलीत जातात. उरलेल्या धुऱ्यावर पेटवल्या जातात. स्वयंपाकघरातला तो धूर छपराखाली असतो आणि उपग्रह छपरावरून पाहतो. उपग्रहाचा अंदाज खरा की खोटा हे जमिनीवरच्या मोजणीनेच ठरते. मोजणी फक्त मुंबईत असेल, तर समुद्राकाठच्या दमट हवेवर शिकलेले गणित काळ्या मातीच्या कोरड्या मुलखाला लावले जाते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: विषय शहरांचा, मग गावाचा आग्रह कशासाठी? जनगणनेच्या व्याख्येत नगरपालिका नसलेली वस्ती नागरी ठरण्यासाठी किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि ७५ टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर असावे लागतात. प्रशासनाला ही रेषा लागते, आजारांना ती माहीत नसते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. विष शेतात अंगावर आले, उपचार यवतमाळ शहरात झाले. ऑगस्टपासून रुग्ण येत होते आणि राज्यभर चर्चा झाली ती ऑक्टोबरच्या सुमारास. कोणत्या गावातून किती रुग्ण आले, त्यांनी कोणती औषधे मिसळली होती, त्या आठवड्यात पाऊस व वारा कसा होता, पऱ्हाटी डोक्याइतकी उंच वाढली होती का, या चार नोंदी चार ठिकाणी असतात. त्या रोजच्या रोज एकत्र वाचणारी साधी यंत्रणा धोक्याची सूचना कितीतरी आधी देऊ शकते. शहराच्या आरोग्याचा डेटा म्हणून यापेक्षा निकडीचा विषय कोणता? जिल्ह्याच्या शहराची खाट ज्या गावांमुळे भरते, ती गावे त्या शहराच्या अभ्यासात असलीच पाहिजेत.

तिसरा आक्षेप विद्यापीठातून येतो. यंत्रे बसवणे व नोंदी जमवणे हे तंत्रज्ञाचे काम, त्याला पीएच.डी. कशी द्यायची? याचे उत्तर यंत्रातच आहे. सूक्ष्म धूलिकण मोजणारा स्वस्त संवेदक हवेतून प्रकाश सोडून कणांवरून विखुरलेला उजेड मोजतो. पावसाळ्यात दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढीव येतो. जिनिंगच्या कापूसधुळीला आणि चुलीच्या धुराला तो सारखा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे तो आधी प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून, ऋतुगणिक दुरुस्तीचे सूत्र काढावे लागते. हे सूत्र दारव्ह्यासाठी कुणी काढले तर ते अस्सल संशोधन आहे. हे अशक्य नाही, हे आयआयटी कानपूरने ‘अमृत’ प्रकल्पात उत्तर प्रदेश व बिहारच्या ग्रामीण भागात गटपातळीवर संवेदक बसवून दाखवले आहे. पाण्याच्या बाबतीत तर उदाहरण घरचेच आहे. २०१८ पासून राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळसह विदर्भ व मराठवाड्यातील गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईने घडवली. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आली. पिकासाठी गाव मोजता येते, तर माणसाच्या श्वासासाठी मोजता न येण्याचे कारण नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. गाव लहान असले की आकड्यामागचा माणूस ओळखू येतो. पाचशे घरांच्या वस्तीत एका आजाराचे दोन रुग्ण असतील, तर नाव गाळूनही नाव कळते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीचा आग्रह धरला आहे. ग्रामसभेत विषय समजावून सांगणे आणि निष्कर्ष प्रथम गावाला मराठीत परत देणे, ही शिस्त विद्यावृत्तीच्या अटींतच लिहावी लागेल.

विद्यावृत्ती देणाऱ्या संस्थांनी निर्वाहाच्या रकमेबरोबर क्षेत्रकामाचा वेगळा निधी द्यावा, नव्याने जमवलेला व खुला केलेला डेटा शोधनिबंधाइतकाच मोलाचा धरावा आणि ज्या तालुक्यात मोजणी नाही तिथला विषय घेणाऱ्याला एक वर्षाची वाढीव मुदत द्यावी. अमरावती विद्यापीठ, यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी मिळून असा एक विषय बोरी अरबसाठी आखावा. त्याला लागणारी माणसे, पद्धती आणि पैसा हे तिन्ही महाराष्ट्रात आज उपलब्ध आहेत.