मिठाची खिडकी आणि कर्जतचा पाऊस

"कमी खर्चात द्रावणांची अवरक्त वर्णपटमिती कशी करायची?" हा प्रश्न रिसर्चची तयारी करताना बऱ्याच जणांना पडतो. इतिहास बघितला तर कळतं, की अडचण फक्त मशीनची नसते, खिडकीचीही असते.

साधी काच साधारण 2000 सेमी⁻¹ च्या खालचे अवरक्त किरण गिळून टाकते. म्हणून 1905 साली विल्यम कोब्लेंट्झने अनेक संयुगांचे वर्णपट प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचा प्रिझम सैंधवाचा होता. 1957 मध्ये पर्किन-एल्मरचा 'इन्फ्राकॉर्ड' आला. टेबलावर मावणारा, तुलनेनं स्वस्त, 2.5 ते 15 मायक्रॉन मोजणारा. त्यातही प्रिझम मिठाचाच. द्रावणाच्या सेलच्या खिडक्याही बहुधा मिठाच्याच असायच्या.

आता हे आपल्याकडे आणून बघू. खालापूरच्या बाजूला रसायनीत हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा (कंपनीची स्थापना 1960) कारखाना होता. तिथे नायट्रोबेंझिन आणि ॲनिलीन बनायचं. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर झालं की 1520 आणि 1350 च्या आसपासचे नायट्रो गटाचे पट्टे जातात, 3400 जवळ ॲमिनोची जोडी दिसते. मिठाच्या खिडकीतून हे सगळं दिसतं. पण कर्जतच्या पावसाळ्यात तीच खिडकी हवेतल्या ओलाव्यानं धुरकट होते. पाण्यातलं द्रावण असेल तर ती विरघळतेच. मग कॅल्शियम फ्लोराइड घ्यावं लागतं. ते महाग, आणि साधारण 1100 च्या खाली अपारदर्शक. आपले तिन्ही पट्टे मात्र त्यातूनही दिसतात!

1960 च्या सुमारास हॅरिक आणि फारेनफोर्ट यांनी एटीआर पद्धत आणली. थेंब ठेवा, बटण दाबा. सोय मोठी, पण किरण द्रावणात जेमतेम एक-दोन मायक्रॉन शिरतो. विरल द्रावणाचा पट्टा त्यात हरवू शकतो. तिथे जुना सेलच उपयोगी.

सेलची जाडी मोजायला खर्च शून्य. रिकाम्या सेलचा वर्णपट घ्या, लाटा मोजा. 1500 ते 1000 सेमी⁻¹ मध्ये 10 लाटा आल्या, तर जाडी = 10 ÷ (2 × 500) = 0.01 सेमी, म्हणजे 0.1 मिमी. लाटाच दिसत नसतील तर समजा, खिडकी खराब झालीये किंवा समांतर नाहीये.

म्हणून यादी करताना आधी लिहा: द्रावक कोणता, पट्टा कुठे, हवा किती दमट. मशीनचं नाव त्यानंतर.